भोंग्यावर कुशाबाई माहेरी गेल्या

"या वर्षी दहावीतलं एकही पोरगं इंग्रजीत नापास होणार नाही! झालं तर मिशा काढीन!" असं म्हणून धम्मदीप लोंढे सरांनी टेबलावर अशी मूठ आपटली की सगळ्या मास्तर लोकांचा चहा बशीत आला.

"पण सर, तुम्हाला मिशा कुठं आहेत?" चित्रकलेच्या बाईंनी विचारलं.

"वाढवीन आणि मग काढीन!"

लोंढे सर असेच. माणूस सोन्यासारखा, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आणि त्या दिवशी तर रागावायला कारणही तसंच होतं. सहामाहीच्या पेपरात 'दोन वाक्यं जोडा' असा प्रश्न होता, आणि अख्ख्या वर्गानं तो कोरा सोडला होता. अख्ख्या वर्गानं! एकानं तर खाली लिहिलं होतं, 'जोडत नाहीत.'

"अरे, बैलाला बैल जुंपता येतो तुम्हाला! ट्रॅक्टरला ट्रॉली जोडता येते! आणि दोन वाक्यं जोडता येत नाहीत?" सर वर्गात कडाडले. "एक काम चालू असताना दुसरं काम झालं, हे इंग्रजीत सांगता येत नाही? अमुक झालं कारण तमुक झालं, हे नाही? हा त्याच्याइतका, ती तिच्यापेक्षा, हेही नाही? दिवसभर घरी दुसरं बोलता काय रे तुम्ही?"

पोरं खाली मान घालून बसली. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. चिंचमळा हे गाव कोऱ्हाळ्याच्या जवळ, कालव्याच्या पोटाशी. गाव कसलं, नुसत्या वस्त्या! ज्याचं रान जिथं, त्याचं घर तिथं. शाळा सुटली की पोरं चार दिशांना पांगायची, ती ऊसतोड चालू असल्यामुळं जनावरांसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला जुंपली जायची. सरांनी जादा तास लावला, तर तासाला सर आणि फळा एवढेच हजर!

आणि सरांचं सगळं नशीब पोरांच्या या इंग्रजीला टांगलेलं होतं. तीन वर्षं ते हंगामी होते. एप्रिल आला की ऑर्डर संपायची, जूनमध्ये पुन्हा दारात उभं राहायचं. शाळेचे चेअरमन होते दत्तोबा तात्या. तात्यांनी मिशीवरनं बोट फिरवत सांगितलं होतं, "मास्तर, औंदा इंग्रजी सुधरा. मार्चच्या आत मला पोरांच्यात फरक दिसला पायजे. दिसला तर कायम. न्हाय दिसला, तर तुमचा तुमाला रस्ता मोकळा." तात्या शब्दाचे पक्के होते. तीच तर भीती होती.

आता करायचं काय? सर दारात बसून धुमसत होते. तेवढ्यात दूध संस्थेच्या गच्चीवरचा भोंगा खरखरला आणि आवाज आला, "उद्या जनावरांचे डॉक्टर येनार हायेत, सगळ्यांनी आपापली जनावरं बांधून ठेवावीत." शेवटच्या वस्तीवरचा माणूससुद्धा मान वर करून ऐकत होता.

सर ताडकन उठले. "मेघना! सापडलं!"

"काय? किल्ली?" आतनं बायको म्हणाली.

"वर्ग! पोरं वर्गात येत नाहीत ना? मग वर्ग पोरांकडं जाईल! भोंग्यावरनं!"

दूध संस्थेचे चेअरमनही तात्याच. परवानगी मिळायला वेळ लागला नाही. पण सर पडले बारामतीचे, शहरातले. चिंचमळ्यात भोंग्याची काय इज्जत आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. भोंग्यावर कुणी गंमत करत नसे, गाणं लावत नसे. कालव्याच्या पाण्याची पाळी सुटली, लस आली, शेळी हरवली, माणूस गेला, एवढंच. भोंग्यावर आलं म्हणजे ते झालं! मागं एकदा चुकून एका जित्या म्हाताऱ्याच्या मौतीचा पुकारा झाला. पावणे रडत आले, तर म्हातारा ओट्यावर तंबाखू मळत बसलेला. लोकांनी शिव्या घातल्या त्या म्हाताऱ्यालाच!

तर अशा भोंग्यावर, सकाळी दूध घालायच्या वेळेला, लोंढे सरांनी माइक हातात घेतला. पुस्तकातले टॉम आणि पीटर पोरांच्या ओळखीचे नव्हते, म्हणून त्यांनी नावं गावातली घ्यायचं ठरवलं होतं. मोठी शक्कल वाटली होती त्यांना ती!

"हॅलो, हॅलो. दहावीच्या मुलांनी लक्ष द्या. ॲज सोनबा वॉज स्लीपिंग, द कॅनाल वॉटर वेन्ट इन्टू म्हस्कूज शुगरकेन. म्हणजेच, सोनबा झोपलेला असताना कालव्याचं पाणी म्हस्कूच्या उसात गेलं!"

खाली दुधाच्या रांगेत सोनबा उभा होता. त्याची त्या दिवशी पहाटेपासनं पाण्याची पाळी होती. उसाला पाण्याची दारं धरून तो बांधावर जरा आडवा झाला होता, आणि डोळा लागला तो दुधाच्या वेळेलाच उघडला होता; मग पाण्याकडं न बघताच तो किटली घेऊन पळत आला होता. त्यानं किटली तिथंच आपटली आणि धोतराचा सोगा धरून रानाकडं धूम ठोकली. जाऊन बघतो, तर खरंच! बांध फुटलेला, आणि सगळं पाणी शेजाऱ्याच्या, म्हणजे म्हस्कूच्या उसात डुलत होतं.

शाळा भरायच्या आत दोघंही खोरी घेऊन मैदानात हजर.

"सर, ह्यानं माझं पाणी चोरलं!"

"चोरलं न्हाय, आपसूक आलं! पन सर, तुमी भोंग्यावर माझं नाव घ्यायचं कारन काय? तुमाला सांगितलं कुनी?"

"कुणीही नाही! अहो, ते उदाहरण होतं!" सर ओरडले.

"उदारन व्हतं तर खरं कसं निघालं?" म्हस्कूनं विचारलं.

 सर रागानं लाल झाले.

"आता ह्यो इंग्रजीचा भोंगा माझी अब्रू घालवनार," म्हस्कू म्हणाला. "उद्याच्याला माझं नाव चांगलं निघालं पायजे. न्हाय निघालं तर तात्यांकडं जातो."

तात्यांचं नाव काढल्यावर सरांचा राग एकदम गिळला गेला. ठीक आहे, म्हणाले, चांगलं काढतो. तसाही दुसऱ्या दिवशी तुलनेचा धडा होता. रात्रभर विचार करून त्यांनी असं वाक्य बेतलं की दोघांनाही बरं वाटावं, आणि भांडणही मिटावं.

"म्हस्कू इज ॲज ऑनेस्ट ॲज सोनबा! म्हणजेच, म्हस्कू हा सोनबाइतकाच प्रामाणिक आहे!"

झालं! सरांचा चहा व्हायच्या आत दोघं दारात. आणि कसे आले? एका सायकलवर! म्हस्कू पायडल मारतोय आणि सोनबा मागं कॅरेजवर बसून शिव्या जुळवतोय.

"त्या पाणीचोराइतका परामानिक मी? त्याच्या तराजूत मला घालता व्हय?" सोनबा गरजला.

"आन् मी त्या झोपाळूइतका? माझी काय किंमत हाय का न्हाय?" म्हस्कू त्याच्याहून मोठ्यानं.

"अहो, मी दोघांना चांगलं म्हणालो!" सरांनी कपाळावर हात मारला.

"चांगलं म्हना, पन येगयेगळं म्हना!"

दोघांनी सरांना मनसोक्त बोलून घेतलं, आणि त्याच सायकलवर दोघं परत गेले. त्यांचं पाण्याचं भांडण मिटलं ते मिटलंच. पण आता गावभर चर्चा सुरू झाली. आज कुणाचं नाव निघणार? माणसं पहाटेपासनं दुधाच्या रांगेत जागा धरून बसायला लागली. ज्यांच्याकडं म्हैसही नव्हती तीही माणसं! बायका शेणाच्या पाट्या घेऊन मुद्दाम भोंग्याखालनं जायच्या. आणि आपलं नाव आलं तर उत्तर देता यावं म्हणून जो तो वाक्य पाठ करायचा. सोनबा तर म्हस्कूला बांधावरनं हाळी द्यायचा, "अरं ए, यू आर ॲज ब्लॅक ॲज माय म्हैस!" त्यावर म्हस्कू म्हणायचा, "बट माय म्हैस गिव्ह्ज मिल्क बिकॉज आय फीड हर!"

सरांच्या मात्र हे काही ध्यानात आलं नाही. त्यांना फक्त शिव्या ऐकू येत होत्या. मारुतीचं नाव घेतलं तर पुजारी रागावला, बैलाचं घेतलं तर बैलाचा मालक. 'ऊस ज्वारीपेक्षा उंच असतो' म्हणाले, तर ज्वारीवाल्यांनी तोंड फिरवलं!

"सोडून द्या ना तो भोंगा," मेघना म्हणाली.

"का सोडू? इंग्रजीला घाबरत नाहीत, एवढे उदाहरणाला घाबरतात! मूर्खांचा बाजार आहे नुसता!"

अशात एका सकाळी दत्तोबा तात्या स्वतः शाळेत आले. पटका, हातात काठी, कपाळावर आठी.  संपलं, सर मनात म्हणाले, आता रस्ता मोकळा.

"मास्तर," तात्या खुर्चीत बसत म्हणाले, "शाळेचा चेअरमन कोन?"

"तुम्ही, तात्या."

"भोंगा कुनाचा?"

"तुमचाच."

"मग त्या सोनबाचं नाव निघतं, म्हस्कूचं निघतं, बैलाचं सुदिक निघतं! माझं का निघत न्हाय?" तात्यांनी काठी आपटली. "लोक इचारत्यात मला! म्हनत्यात, तात्या, इंग्रजीत तुमी न्हाय व्हय?"

सरांना हसावं का रडावं कळेना. "घेतो, तात्या. उद्याच घेतो."

"आन् आमच्या मंडळीचं बी घ्या. ती कवापासनं मागं लागलीया."

घरी येऊन सर अगदी जपून कामाला लागले. उद्याचा धडा कारणाचा. चेअरमन आणि चेअरमनची बायको! यात चोरी नको, झोप नको, तुलना तर मुळीच नको. चार चार वेळा वाक्य घडवलं, मोडलं, मेघनाला म्हणून दाखवलं. शेवटी असं वाक्य निघालं की त्यात राग यायला जागाच नव्हती. कुठल्या बाईला आईची आठवण येत नाही?

दुसऱ्या दिवशी तात्या भोंग्याखाली खुर्ची टाकून, नवा पटका बांधून बसले. सरांनी घसा साफ केला.

"कुशाबाई हॅज गॉन टू हर मदर्स हाऊस बिकॉज शी मिस्ड हर मदर. दत्तोबा तात्या इज हॅपी. म्हणजेच, कुशाबाई माहेरी गेल्या, कारण त्यांना आईची आठवण आली. तात्या आनंदात आहेत!"

 खाली दूध मापणाऱ्याचा हातसुद्धा थांबला. सरांनी वाकून बघितलं, तर तात्यांचा चेहरा पटक्याहून लाल.

सरांना काय माहीत! कुशाबाईंचं माहेर इंदापूरच्या अलीकडं. तिथल्या एका लग्नात तात्यांना मानाचा फेटा बांधायचा राहिला. त्यावरनं तात्या मांडवातनं उठले ते उठलेच. 'त्या घराची पायरी चढायची न्हाय, मी बी न्हाय आन् तू बी न्हाय!' त्याला कैक वर्षं लोटली होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यामुळं कुणी सांगायच्या भानगडीत पडलं नव्हतं.

तात्या तरातरा घरी गेले. बघतात तर कुशाबाई नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन उंबऱ्यात उभ्या.

"कुठं निघालीस?"

"म्हायेरी."

"कुनाला इचारून?"

"इचारायचं काय त्यात? भोंग्यावर सांगितलं की मी गेले म्हनून. तुमी आनंदात हाय असं बी सांगितलं. अख्ख्या गावानं ऐकलं. आता न्हाय गेले, तर भोंगा खोटा पडंल. तुमचाच हाय न्हवं भोंगा?"

आणि त्या गेल्या! फाट्यावर एसटीत बसल्या, आणि गेल्या.

पुढचं काय सांगावं? तात्यांच्या घरी भाकरी करपली, म्हशीनं लाथ मारून चरवी लवंडली, आणि तात्यांनी सरांना बोलावून जे झाडलं ते कोऱ्हाळ्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

"मास्तर! मंडळी परत आली न्हाय, तर तुमी हितनं गेला म्हनून समजा! कायमबियम इसरा!"

"अहो तात्या, ते उदाहरण—"

"उदारनाच्या आयला! माझं घर मोडलं त्या उदारनानं!"

सर कुशाबाईंना आणायला एसटीत बसले ते चडफडतच. बारामतीला गाडी बदलली, काटेवाडी मागं पडली, तरी स्वतःशी बडबडत होते. तीन वर्षं राबलो! घसा फोडला! आणि नोकरी कशावर अडली, तर चेअरमनची बायको सासरी येते का नाही यावर! शेजारच्या प्रवाशानं हळूच आपली पिशवी उचलली आणि दुसरीकडं जाऊन बसला.

कुशाबाई भावाच्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. शेजारी बाजेवर त्यांची म्हातारी आई, लेकीचा पदर मुठीत धरून.

"काकू, चला हो. माझी नोकरी जाईल," सर म्हणाले.

"बसा मास्तर. शेंगा खावा." कुशाबाईंनी मूठभर दाणे त्यांच्या हातावर ठेवले. मग त्यांचा आवाज चढला. "माझ्या आईचे डोळे गेले, ते मला ठावं नव्हतं! परवा आले तवा तिनं तोंडावरनं हात फिरवून वळखलं मला. फेटा ह्यांचा राह्यला, राग ह्यांना आला, आन् म्हायेर कुनाचं तुटलं? माझं! मला कुनी इचारलं?"

सरांचा सगळा राग दाण्यांबरोबर घशाखाली गेला. त्यांना एकदम सातवीत असताना गेलेली आपली आई आठवली. ते म्हणाले, "काकू, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे."

"मग सांगा त्यांना. भोंग्यावर यायचं आन् म्हनायचं, मी चुकलो. आन् नुसतं चुकलो नको, कारन पायजे. जोडून! तुमीच शिकीवलंय न्हवं? मी उद्या सकाळच्या गाडीनं येती आन् फाट्यावर हुभी राहून ऐकती. ऐकू आलं तर घरी, न्हाय आलं तर त्याच गाडीनं माघारी."

निरोप ऐकून तात्यांनी काठी भिरकावली, ती कोंबडीला लागता लागता राहिली. "मी? गावासमोर? मेलो तरी म्हननार न्हाय!" मग त्यांनी करपलेल्या भाकरीकडं बघितलं. म्हशीकडं बघितलं. रिकाम्या उंबऱ्याकडं बघितलं. आणि एकदम त्यांचे डोळे चमकले.

"मास्तर, इंग्रजीत म्हनलं तर चालंल का?"

"चालेल की. पण का?"

"गावाला कुठं कळतंय इंग्रजी! भोंगा झाला की फाट्यावर जाऊन तुमी तिला समजावून सांगा. माझी अब्रू बी राह्यली, तिची अट बी राह्यली. शिकवा मला!"

सकाळी तात्यांनी माइक हातात घेतला, तेव्हा खाली ही गर्दी. सर शेजारी उभे राहून एकेक शब्द कानात सांगत होते आणि तात्या उसाचं कांडं फोडावं तसा तो दाताखाली फोडत होते.

"आय वॉज राँग... बिकॉज द अँगर वॉज माइन... बट द पनिशमेंट वॉज कुशाबाईज!"

झालं! तात्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मिशीवरनं बोट फिरवलं. तेवढ्यात खालनं सोनबा ओरडला, "तात्या म्हनत्यात, मी चुकलो!"

"कारन राग त्यांचा व्हता!" म्हस्कूनं जोडलं.

"आन् शिक्षा काकूला झाली!" पाट्या घेतलेल्या बायका एका सुरात ओरडल्या, आणि असं काही हसू उसळलं की दुधाच्या किटल्या खडखडल्या. लांबच्या वस्त्यांवरनंही पोरांचं हसणं ऐकू यायला लागलं. गोठ्यातनं, उसातनं, कालव्याच्या पुलावरनं!

तात्या भडकले. माइक चालूच होता. "गप बसा! ह्या अडान्यांना एवढं इंग्रजी शिकीवलं कुनी?"

 सगळ्यांनी नुसतं सरांकडं बघितलं. सरांनी खिशात खडू शोधल्यासारखं केलं, पण छाती मात्र आपोआप फुगत चालली होती.

"मास्तर," तात्या दात खात वळले, "आता तुमचा निकाल—"

"जरा सरा हो!" जिन्यावरनं कुशाबाई पिशवीसकट वर आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला माइक काढून घेतला, पदर सारखा केला, आणि फाट्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐका हो ऐका! लोंढे मास्तर आजपासनं कायम झाले, कारन आमचे हे शब्दाचे पक्के हायेत!"

खाली टाळ्या कडकडल्या.  तात्या करणार काय? भोंग्यावर आलं होतं. झालं होतं!

"व्हय, झाले कायम!" शेवटी ते माइक ओढून घेत गरजले. "पन जोपर्यंत मी जिता हाय, तोपर्यंत ह्यो मास्तर पुन्यांदा भोंग्याला हात लावनार न्हाय!"

सरांना वाटलं, काय सुंदर वाक्य आहे! याचं इंग्रजी सांगायला हवं होतं. पण कुशाबाईंनी डोळे वटारले, म्हणून ते मुकाट जिना उतरले.

जूनमध्ये निकाल लागला. दहावीची सगळी पोरं इंग्रजीत पास झाली. सगळी, एक सोडून! त्याचं घर दूध संस्थेच्या भिंतीला लागून होतं. भोंग्याच्या आवाजानं झोप मोडते म्हणून तो सगळे महिने कानात कापूस घालून झोपला होता.

त्या आठवड्यात मेघना सरांकडं निरखून बघत म्हणाली, "अहो, हे ओठावर काय उगवलंय?"

"मिशा वाढवतोय," सर चिडून म्हणाले, "कारण काढायच्या आहेत!"